दहा पास्कलचा आर्गॉन आणि एक साधा पीसी

प्लाझ्माच्या, म्हणजे आयनीभूत वायूच्या, प्रयोगाला लागतो निर्वात कक्ष, टर्बो पंप, १३.५६ मेगाहर्ट्झचा जनरेटर, मॅचिंग नेटवर्क. ही नावं लिहीत गेलं की पदवी महाविद्यालयाचं अंदाजपत्रक दुसऱ्या ओळीतच संपतं. चार कोअर आणि आठ जीबी मेमरीचा पीसी मात्र बेळगावातल्या कुठल्याही विभागात सापडतो, आणि कमी तापमानाच्या प्लाझ्माचं कणांच्या पातळीवरचं सिम्युलेशन शिकायला तेवढा पुरतो. आम्ही ते आधी एड्यूपिक या छोट्या कोडवर शिकलो, मग टर्नरच्या तुलनासंचावर, म्हणजे छापील उत्तरं असलेल्या चार केसेसवर, पडताळलं आणि त्यानंतर वॉर्पएक्स या मोठ्या कोडला हात घातला. नव्यानं येणाऱ्यानं हाच क्रम ठेवावा, यावर आम्ही ठाम आहोत. थेट मोठ्या कोडपासून सुरुवात केली की वेळ इन्स्टॉलेशनमध्ये जातो, शेवटी नमुन्याची फाइल चालवून रंगीत आलेख निघतो, आणि त्यातलं खरं किती हे कुणालाच सांगता येत नाही.

एड्यूपिक हा बुडापेस्टच्या झोल्टान डोन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला मुक्त कोड. सी-प्लस-प्लसची एकच फाइल, बाहेरची लायब्ररी एकही नाही. दोन समांतर इलेक्ट्रोड, मधे आर्गॉन, एका इलेक्ट्रोडला आरएफ, म्हणजे रेडिओ-फ्रिक्वेन्सीचं, व्होल्टेज, दुसरा जमिनीला जोडलेला. फाइलमधले मूळ आकडे असे: अंतर २५ मिलिमीटर, दाब १० पास्कल, वायूचं तापमान ३५० केल्विन, व्होल्टेजचा ॲम्प्लिट्यूड २५० व्होल्ट, जाळीचे ४०० बिंदू, आरएफच्या एका आवर्तनात ४००० टाइमस्टेप. एक महाकण म्हणजे ७०,००० खरे इलेक्ट्रॉन किंवा आयन (या आकड्याला वेट म्हणतात), आणि इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ मानलेलं आहे एक चौरस सेंटिमीटर.

प्रत्येक टाइमस्टेपला तेच चक्र फिरतं. कणांचा विद्युतभार शेजारच्या दोन जाळीबिंदूंवर वाटायचा, त्यावरून पॉयसनचं समीकरण सोडवून पोटेन्शियल काढायचं, त्यातून क्षेत्र, क्षेत्रावरून कणांचा नवा वेग आणि नवी जागा. इलेक्ट्रोडला लागलेला कण यादीतून काढून टाकायचा. उरलेल्यांची वायूच्या अणूंशी टक्कर होते का, हे रँडम आकड्यावर ठरवायचं. एका मितीत पॉयसनचं समीकरण थॉमसच्या रीतीनं क्षणात सुटतं, त्यामुळं जवळजवळ सगळा वेळ कण हलवण्यात आणि टकरींत जातो. आयन जड आणि मंद असल्यानं ते दर २० टाइमस्टेपना एकदाच हलवले जातात.

कंपाइल करताना ओ-थ्री ऑप्टिमायझेशन द्यायचंच. ते विसरलं तर तोच कोड कितीतरी पट रेंगाळतो. पहिल्यांदा प्रोग्रॅमला शून्य हा आकडा द्यायचा, म्हणजे तो हजार इलेक्ट्रॉन आणि हजार आयन पेरून एक आवर्तन चालवतो. पुढं जितकी आवर्तनं हवीत तितका आकडा. आकड्यानंतर एम हे अक्षर दिलं तरच मोजमापाच्या फाइली तयार होतात. जुनी अवस्था फोल्डरमध्ये पडून असताना पुन्हा शून्य दिला तर प्रोग्रॅम नकार देतो, म्हणून प्रत्येक केससाठी वेगळं फोल्डर.

आता वेळेचा हिशेब. दोन लाख इलेक्ट्रॉन आणि ४००० टाइमस्टेप म्हणजे एका आवर्तनाला ८० कोटी हालचाली. एका कोअरवर सेकंदाला तीनेक कोटी होतात असं धरलं तर आवर्तनाला अर्धा मिनिट आणि हजार आवर्तनांना आठ-नऊ तास. म्हणजे रात्रभराचं काम, आणि पावसाळ्यात रात्रभर वीज राहील याची खात्री इकडं कोण देणार! खानापूरच्या बाजूला तर पहिल्या वळवाच्या पावसातच दिवे जातात. एड्यूपिक कणांची अवस्था डिस्कवर लिहितो ती फक्त दिलेली आवर्तनं संपल्यावर. हजार एकदम दिली आणि नऊशेव्या आवर्तनाला वीज गेली तर हाती काहीच नाही. म्हणून शंभर-शंभरचे तुकडे एका शेल लूपमध्ये घालायचे आणि प्रत्येक तुकड्यानंतर अवस्थेची फाइल वेगळ्या नावानं कॉपी करून ठेवायची. नवी अवस्था जुन्या फाइलवरच लिहिली जाते. लिहिता लिहिता वीज गेली तर ती अर्धवट राहते आणि आधीची अवस्थाही हातची जाते.

मोजमापाच्या फेरीला मात्र ही युक्ती लागू नाही. सरासऱ्या मेमरीत साठतात आणि त्या फेरीपुरत्याच असतात. मोजमापाचे पाच तुकडे केले तर पाचव्या तुकड्याचीच सरासरी उरते, कारण आधीच्या चारांच्या फाइलींवर ती लिहिली जाते. म्हणून ही फेरी अखंड, यूपीएसवर. ते जमत नसेल तर प्रत्येक तुकड्याच्या फाइली बाजूला ठेवून शेवटी आपण सरासरी काढायची.

मोजमाप केव्हा सुरू करायचं हे कन्व्हर्जन्सच्या फाइलीवरून ठरतं. तिच्यात प्रत्येक आवर्तनाअखेरची इलेक्ट्रॉनांची आणि आयनांची संख्या असते. एकाच फेजला नोंद होत असल्यामुळं आवर्तनातला चढउतार तिच्यात येत नाही. आलेख सरळ झाला म्हणजे खरोखर स्थिरावला. सुरुवातीला संख्या झपाट्यानं वाढते, मग वाढ मंदावते, आणि इथंच लोक घाई करतात. मंद वाढ म्हणजे स्थिर नव्हे. शेवटच्या दोनशे आवर्तनांचा कल रँडम चढउताराच्या आत बसला पाहिजे. व्होल्टेज किंवा दाब कमी केला असेल तर उलटंही घडतं: पेरलेले हजार कण भिंतींना लागून संपतात आणि संख्या शून्यावर येते. त्यावरून इथं डिस्चार्ज पेटत नाही असा निष्कर्ष लगेच काढू नये. आधी पेरणी दहापट करून बघावी.

मोजमाप झाल्यावर प्रोग्रॅम माहितीची फाइल लिहितो आणि तिच्यात स्थैर्याच्या अटी तपासलेल्या असतात. आमच्याकडं आलेल्या प्रत्येकाला आम्ही आलेखांआधी ही फाइल उघडायला लावतो. अटी चार. मधल्या भागातली प्लाझ्मा फ्रिक्वेन्सी, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक दोलनाची वारंवारता, गुणिले टाइमस्टेप ०.२ च्या खाली हवी. जाळीचं घर, म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर, डेबाय लांबीपेक्षा (ज्या अंतरात प्लाझ्मा एखादा विद्युतभार झाकून टाकतो) लहान हवं. इलेक्ट्रॉनांची आणि आयनांची टक्कर-वारंवारता, आपापल्या टाइमस्टेपनं गुणून, ०.०५ च्या खाली हवी.

हे आकडे कागदावर स्वतः काढून बघावेत. आवर्तन ७३.७५ नॅनोसेकंदांचं, त्याचे ४००० भाग केले की टाइमस्टेप १८.४ पिकोसेकंद. पहिली अट उलटी फिरवली तर घनता प्रति घनमीटर सुमारे ३.७ गुणिले १० चा १६ वा घात इथपर्यंत हा टाइमस्टेप चालतो. घर ०.०६३ मिलिमीटरचं, घनता १० चा १६ वा घात आणि इलेक्ट्रॉनांचं तापमान ३ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरलं तर डेबाय लांबी ०.१३ मिलिमीटर, म्हणजे दुप्पट जागा शिल्लक. व्होल्टेज वाढवलं की घनता वाढते आणि ही शिल्लक आटत जाते. घर डेबाय लांबीपेक्षा मोठं झालं की प्रोग्रॅम पडत नाही, हीच खरी पंचाईत. जाळी आपणहून इलेक्ट्रॉन तापवू लागते, तापमान वाढून डेबाय लांबी घराएवढी होईपर्यंत. कणसंख्येचा आलेख गुळगुळीत दिसतो आणि उत्तर चुकलेलं असतं.

पाचवी गोष्ट प्रोग्रॅम छापतो पण तिच्यावर निकाल देत नाही. एका टाइमस्टेपमध्ये इलेक्ट्रॉननं एकापेक्षा जास्त घर ओलांडू नये. मूळ आकड्यांत ही मर्यादा साधारण ३३ इलेक्ट्रॉनव्होल्टना येते, आणि बहुतेक इलेक्ट्रॉन त्याच्या खालीच असतात. आता कुणी जाळी बारीक करायची म्हणून ४०० चे ८०० बिंदू केले आणि टाइमस्टेपला हात लावला नाही, तर मर्यादा चौथाईवर, आठेक इलेक्ट्रॉनव्होल्टवर येते. आर्गॉनचं आयनीकरण करणारा, म्हणजे १५.८ च्या वरचा एकूण एक इलेक्ट्रॉन मग अट मोडणारा. जाळी दुप्पट केली की आवर्तनातले टाइमस्टेपही दुप्पट करायचे, आणि महाकणांची संख्याही वाढवायची, नाहीतर प्रत्येक घरातले कण निम्मे होऊन गोंगाट वाढतो. म्हणजे बारकाई दुप्पट, खर्च चौपट.

महाकण किती हवेत याला छापील अट नाही, आणि चुका सगळ्यात जास्त इथंच होतात. वेट ७०,००० वरून सात लाख केलं की काम दहापट लवकर संपतं आणि चारही अटी हिरव्याच राहतात. पण डेबाय लांबीत कण विरळ झाले की त्यांच्यातले कृत्रिम धक्के इलेक्ट्रॉनांचं ऊर्जावितरण बदलू लागतात. टक्करी असलेल्या सिम्युलेशनमध्ये हा परिणाम टक्करींविना असतो त्यापेक्षा बराच तीव्र होतो, हे माइल्स टर्नरनं २००६ मध्ये दाखवलं. तपासायचा मार्ग एकच: वेट निम्मं करून पुन्हा चालवा. मधली घनता आणि ऊर्जावितरणाची शेपटी (जास्त ऊर्जेचं टोक) हलली नाही तर आधीचं वेट बरोबर होतं.

फाइलीत दडलेल्या काही मर्यादा आकडे बदलल्यावरच जाणवतात. कणांच्या यादीची जागा दहा लाखांपुरती आहे. व्होल्टेज वाढवून घनता चढली की संख्या त्यापलीकडं जाते आणि प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्ट देऊन मरतो; मुलं मेमरी खराब झाली म्हणून रॅम काढून पुसत बसतात. इलेक्ट्रोडवर आदळणाऱ्या आयनांचं ऊर्जावितरण २०० इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच नोंदलं जातं. २५० व्होल्टना ते पुरतं, कारण सममित मांडणीत शीथमधला (इलेक्ट्रोडलगतच्या, इलेक्ट्रॉन विरळ असलेल्या थरातला) सरासरी व्होल्टेज त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. ॲम्प्लिट्यूड ६०० केला तर मात्र वितरणाचं वरचं टोक गुपचूप गळतं. शिवाय या कोडमध्ये इलेक्ट्रोड सगळे कण गिळतात, आयन आदळल्यावर इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाही. दहा पास्कलला हे चालून जातं. वरच्या दाबाला आणि व्होल्टेजला धातूच्या इलेक्ट्रोडसाठी तो भाग आपण लिहावा लागतो.

दाब १०० पास्कल केला की टक्करींच्या दोन्ही अटी दहापट कडक होतात. इलेक्ट्रॉनांची बाजू सांभाळायला आवर्तनातले टाइमस्टेप चार-पाचपट वाढवावे लागतात आणि त्या प्रमाणात आयन हलवण्यामधला वेळ आपोआप कमी होतो. तरीही आयनांची अट स्वतंत्र बघावी, आणि गरज पडली तर २० चे १० करावेत.

उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी दोन ताळे घ्यायचे. एक, दोन्ही इलेक्ट्रोडवरचा आयनांचा प्रवाह सारखा आला पाहिजे, कारण मांडणी सममित आहे. दोन, एका आवर्तनात जितके आयन जन्मले तितकेच भिंतींवर गेले पाहिजेत. ताळ्यात फरक दिसला की बहुतेक वेळा प्लाझ्मा स्थिरावण्याआधीच मोजलेला असतो. सांख्यिकीचाही हिशेब करावा: आयनांचा प्रवाह प्रति चौरस मीटर प्रति सेकंद १० चा १८ वा घात असेल तर एका आवर्तनात इलेक्ट्रोडवर येतात शंभरएक महाकण. ते दोनशे कप्प्यांत वाटले तर शंभर आवर्तनांनंतरही कप्प्यागणिक पन्नास, म्हणजे चौदा टक्के गोंगाट. त्यातली लहान शिखरं खरी मानायला निदान हजार आवर्तनं लागतात.

यानंतर टर्नरचा तुलनासंच. टर्नर आणि इतर गटांनी २०१३ मध्ये आपापले स्वतंत्र कोड एकाच प्रश्नावर चालवून उत्तरं जुळवली आणि छापली. वायू हेलियम, अंतर ६.७ सेंटिमीटर, १३.५६ मेगाहर्ट्झ, चार केसेस. पहिलीत वायूची घनता ९.६४ गुणिले १० चा २० वा घात, म्हणजे ३०० केल्विनला सुमारे ४ पास्कल. ४५० व्होल्ट, १२८ घरं, आवर्तनाला ४०० टाइमस्टेप, एकूण ५,१२,००० टाइमस्टेप आणि घरामागं ५१२ कण. चौथी १३३ पास्कलची: १२० व्होल्ट, ५१२ घरं, आवर्तनाला ३२०० टाइमस्टेप आणि एकूण ४ कोटी ९१ लाख ५२ हजार टाइमस्टेप. मधली आयनघनता पहिल्या केसला ०.१४ आणि चौथ्या केसला २.५७, गुणिले १० चा १५ वा घात, अशी यायला हवी. पहिली केस साध्या पीसीवर तासाभरात होते, चौथीला एका कोअरवर काही दिवस जातात.

एड्यूपिक हेलियमवर नेताना अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत. एड्यूपिकमध्ये जाळीचे बिंदू द्यायचे असतात, घरं नव्हे. १२८ घरांना १२९ बिंदू. ४५० हा ॲम्प्लिट्यूड आहे, शिखर ते शिखर नव्हे. आयन प्रत्येक टाइमस्टेपला हलवायचे, म्हणजे २० च्या जागी १. क्षेत्रफळ तेच ठेवलं तर वेट सुमारे २६,२०० येतं आणि दोन्ही जातींचे ६५,५३६ महाकण पेरायचे. आयनीकरणानंतर उरलेली ऊर्जा टर्नरच्या संचात दोन इलेक्ट्रॉनांत समान वाटतात, एड्यूपिकमध्ये ती वेगळ्या सूत्रानं वाटलेली आहे. हा तुकडा बदलला नाही तर उत्तर जवळ येतं पण जुळत नाही. जवळ आलं म्हणून तिथं थांबू नये. एड्यूपिक दर वेळी रँडम आकड्यांचं नवं बीज (सीड) घेतो, त्यामुळं दोन फेऱ्या तंतोतंत सारख्या येत नाहीत. चूक शोधताना बीज पक्कं करून ठेवावं.

हेलियमचे क्रॉस-सेक्शन, म्हणजे टक्करीची शक्यता सांगणारे आकडे, एलएक्सकॅट या संकेतस्थळावरून मिळतात, टर्नरचा संच बियागी या संशोधकाच्या आकड्यांवर आहे. तिथं एक सापळा आहे. काही संचांत लवचिक टक्करीच्या जागी 'इफेक्टिव्ह' असं लिहिलेलं असतं. त्यात उत्तेजन आणि आयनीकरणही मिसळलेलं असतं. तेच लवचिक म्हणून घातलं आणि वर बाकीच्या प्रक्रिया वेगळ्या दिल्या की त्या दोनदा मोजल्या जातात. बाकीच्या वजा करूनच वापरायचं.

एवढं जुळल्यावर वॉर्पएक्स. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत जन्मलेला आणि २०२२ चं महासंगणनातलं गॉर्डन बेल पारितोषिक मिळवलेला हा कोड मुळात लेझर-प्लाझ्मा त्वरणासाठी आहे, पण त्यात स्थिरविद्युत पर्याय आणि माँटे कार्लो (रँडम आकड्यांवर ठरणाऱ्या) टक्करी आहेत, आणि टर्नरच्या चारही केसेस नमुना म्हणून दिलेल्या आहेत. कोंडा-फोर्ज या पॅकेजसंग्रहावरून घेतला तर इन्स्टॉलेशनला एक ओळ पुरते. तिथून घेतलेला कोड ग्राफिक्स कार्ड वापरत नाही, शिकायला त्याची गरजही नाही. सोर्सवरून बांधायचा असेल तर एक मिती, दोन मिती, तीन मिती वेगवेगळ्या बांधाव्या लागतात, आणि आठ जीबी मेमरीवर सगळे कोअर एकदम कामाला लावले की कंपाइलर मधेच मारला जातो. एका वेळी दोनच जॉब चालू ठेवावेत. क्रॉस-सेक्शनच्या फाइली वेगळ्या रिपॉझिटरीत आहेत, त्या उतरवल्याशिवाय नमुना चालत नाही. आपली फाइल द्यायची तर ऊर्जेचे आकडे समान अंतरावर हवेत. एलएक्सकॅटचे नसतात, त्यामुळं आधी इंटरपोलेशन. चेकपॉइंट ठराविक टाइमस्टेपनंतर लिहिता येतो, म्हणजे विजेचा प्रश्न इथं शेल लूपविना सुटतो.

उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतले ओळखीचे लोक नेहमी एकच विचारतात: "सर, आमच्या नायट्रायडिंगच्या भट्टीला हे चालतंय काय बघा की हो." त्यांना आकडा सांगितलेला बरा. नायट्रोजनच्या प्लाझ्मानं पोलादाचा पृष्ठभाग कठीण करणाऱ्या त्या भट्टीत ३०० पास्कल आणि ५०० अंश सेल्सियस धरलं तर वायूची घनता प्रति घनमीटर २.८ गुणिले १० चा २२ वा घात. टक्करीची अट पाळायला टाइमस्टेप सहाएक पिकोसेकंदांवर येतो. शंभर मायक्रोसेकंदांच्या एका पल्सला दीड कोटीहून जास्त टाइमस्टेप. एका मितीत ते रेटता येतं. पण भट्टीत एकमेकांशेजारी लावलेले पुर्जे, त्यांच्यातल्या फटी, नायट्रोजन-हायड्रोजनचं रसायन आणि काही तासांची प्रक्रिया हे सगळं कणांनी मोजणं व्यवहार्य नाही; तिथं प्लाझ्माला सुट्या कणांऐवजी सलग प्रवाह मानणारं फ्लुइड मॉडेल घ्यावं. फटीत प्लाझ्मा अडकून पुर्जा जास्त तापतो का, एवढा एकच प्रश्न असेल तर फटीपुरतं एका मितीचं कणांचं सिम्युलेशन उपयोगी पडतं, मात्र त्यात भिंतीतून निघणारे इलेक्ट्रॉन घेतलेच पाहिजेत, कारण डीसी डिस्चार्ज त्यांच्यावरच टिकतो.

कटिंग टूलवरच्या टायटॅनियम नायट्राइडच्या स्पटर कोटिंगचं उलट आहे. दाब अर्ध्या पास्कलच्या आसपास, टक्करी विरळ, कणांची पद्धत हवीच. पण मॅग्नेट्रॉनपुढं, म्हणजे मागं चुंबक बसवलेल्या स्पटरिंगच्या इलेक्ट्रोडपुढं, घनता १० च्या १७ व्या घातापलीकडं जाते, डेबाय लांबी काही दशक मायक्रॉनवर येते, आणि चुंबकीय क्षेत्रामुळं दोन मितींखाली भागत नाही. पाच सेंटिमीटरच्या चौकोनाला २० मायक्रॉनची घरं म्हणजे साठ लाखांवर घरं, घरामागं शंभर कण धरले तर साठ कोटींवर महाकण. एका कणाला पन्नासेक बाइट लागतात, म्हणजे नुसत्या इलेक्ट्रॉनांनाच तीस जीबी मेमरी. अशा कामाला वॉर्पएक्सचा दोन मितींचा अवतार किंवा प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा प्रयोगशाळेतला फोर्ट्रानमधला एडिपिक-टूडी घ्यावा, आणि क्लस्टरवर वेळ मागताना अर्जात हाच गुणाकार लिहावा.